चावीवाल्या आपा

मागच्या आठवड्यात समोरच्या आपांच्या साजिदचा फोन आला, पोर्तुगालहून. आधी सगळी विचारपूस झाली. मावशी गुडघे कसे हाईत, अप्पांची, म्हणजे आमच्या ह्यांची, शुगर कशी हाय, नळाला पाणी किती दिवसाला येऊन राहिलं. मग म्हणाला, "मावशी, घर बघायला एक पार्टी येनार हाय. उदगीरची हाय. तुमी जरा दाखवून देता का?"

मी म्हणलं, "दाखविते की. त्यात काय."

"कुलूप तोडून टाका मग. अप्पांना सांगा, घण तर दुकानात असंलच. एका दणक्यात निघंल ते."

माझी नजर देवघराकडं गेली. त्याला वाटलं रेंज गेली. हॅलो, हॅलो करायला लागला. मी म्हणलं, "तोडायचं कशाला रे बाबा? चावी हाय की माझ्याजवळ."

"तुमच्याजवळ? अजून हाय?"

आता ह्याला काय सांगायचं? मी म्हणलं, हाय, ठेवलेली हाय, आणि फोन ठेवून दिला. चावी देवघराच्या बाजूला खिळ्याला टांगलेली आहे. ते घर बांधून झालं त्या दिवसापासून ती तिथंच आहे. मधे आम्ही भिंती रंगवल्या, देवघर बदललं, खिळा मात्र होता तिथं ठेवला.

त्या दिवसापासून आपा डोक्यातून जाईनात. मी काही लिहिणारी बाई नाही. शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं वाचन आमच्या हार्डवेअरच्या दुकानातल्या रद्दीवर झालं. खिळे, बिजागऱ्या बांधून द्यायच्या आधी कागद वाचून काढायचा. कित्येक गोष्टींचा शेवट मला अजून ठाऊक नाही, गिऱ्हाईक घेऊन गेलं. पण ही गोष्ट मला शेवटपर्यंत ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसले.

आपा म्हणजे जुबेदाआपा. लातूरला गंजगोलाईच्या मागं आमची गल्ली, आणि आमच्या दारासमोर त्यांचं दार. मूळच्या नांदेडच्या. पहिली नोकरी हिमायतनगरला, मग लग्न होऊन लातूरला आल्या आणि इथल्या मुलींच्या उर्दू शाळेत इंग्रजी शिकवायला लागल्या. मालक एसटीत कंडक्टर. ठेंगण्या, बारीक अंगाच्या. चष्मा एवढा जाड की डोळे आतून कुणी भिंग धरल्यासारखे मोठे दिसायचे. बुरख्याचा पदर मागं टाकलेला, तोंडात वेलदोडा, आणि चालणं असं की मागून कुत्रं लागलंय.

रोज सकाळी त्यांचं एक ठरलेलं होतं. दाराला कुलूप लावायचं. ओढून बघायचं. कोपऱ्यापर्यंत जायचं. तिथून परत यायचं, पुन्हा एकदा ओढून बघायचं. आणि मग समोर मला हाक.

"महानंदा! लागलं ना?"

"लागलं, आपा."

"नीट?"

"नीट."

तेव्हा कुठं बाई शाळेत जायच्या. मी आजारी असले तर माझ्या सासूबाईंना विचारायच्या. सासूबाईंना कमी ऐकू यायचं, त्या नुसताच हात वर करायच्या. तरी आपांचं समाधान व्हायचं. कुणीतरी हो म्हणलं पाहिजे, एवढंच.

आता त्यांना गल्लीत चावीवाल्या आपा का म्हणायचे ते सांगते. आमचे हे एकदा दुकानातल्या शिडीवरून पडले. वरच्या फळीवरचा कड्यांचा खोका काढायला गेले आणि खोक्यासकट खाली. खांद्यापाशी गळ्याचं हाड मोडलं. घरी आणून पाटावर बसवलेलं, हात गळ्यात बांधलेला, तोंड हे एवढं. गल्ली सगळी बघायला येऊन बसलेली. तेवढ्यात आपा आल्या. डॉक्टरनी काय लिहिलंय ते बघू म्हणाल्या. कागद डोळ्याला लावला आणि खो खो हसायला लागल्या.

"अप्पा, मुबारक हो! तुमी कुलपं विकता आणि तुमचीच चावी मोडली की!"

ह्यांना लई राग आला. हे म्हणाले, "आपा, हितं जीव चाललाय आन् तुमाला चेष्टा सुचून राहिली."

"चेष्टा नाही हो. डॉक्टरनी लिहिलंय ना हे, क्लॅव्हिकल, त्याचा अर्थच मुळी छोटी चावी. रोमच्या लोकांनी नाव ठेवलं. आपला चावी हा शब्दही त्यांचाच. हात वर केला की हे हाड फिरतं, कुलपात चावी फिरते तसं. करून बघा."

हे करून बघायला गेले आणि जोरात ओरडले. मग सगळे हसले. त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकलं, की आपण चावी चावी म्हणतो तो शब्द दोन हजार कोसांवरून चालत आलेला आहे.

दुसऱ्या दिवशी मी भाकरी करायला बसले होते, तर आपा येऊन पाटावर बसल्या. ते राहिलेलं पुरं सांगायला. माझ्या परातीतला पिठाचा गोळा उचलला. "हे बघ. ही रोमची आई. क्लाविस नाव. हिची लेकरं गावोगाव गेली." आणि एकेक तुकडा तोडून परातीच्या काठाला लावायला लागल्या. "हा इटलीचा. ह्याच्या जिभेला 'क्ल' जड गेलं. हा म्हणायला लागला, कियावे. हा स्पेनचा. आळशी बघ, ह्यानं सुरुवातच गिळली. यावे! हा फ्रेंच. शेपटी कापून टाकली, क्ले. जर्मनवाल्यानं मोठ्या बाजाला, पियानोला नाव दिलं, क्लाविअर, पट्ट्या असतात म्हणून. इंग्रजाचं तर विचारूच नको. चावीला स्वतःचा शब्द वापरतो आणि हाडाला, गाण्याच्या खुणेला, बंद खोलीतल्या बैठकीला मात्र हिच्याच लेकरांची नावं. आणि हा..." शेवटचा तुकडा त्यांनी नीट गोल केला. "हा पोर्तुगालचा. ह्यानं केलं चावे. आणि बसला जहाजात. उतरला गोव्याला. घाट चढला. तुझ्या दुकानात येऊन खिळ्याला लटकला."

प्रत्येक शब्दाला तोंड असं करायच्या की माझी पोरं खाली पडून हसली. मी म्हणलं, "आपा, पीठ वाळून राहिलं."

"वाळू दे. कुलूप कुठलं, ते विचार."

"कुठलं?"

"अरबाचं! कुलूप अरबाचं, चावी रोमची."

दारात आमचे हे उभे, हात गळ्यात. "मंग आपा, आमच्या घरात आमचं सोताचं काय हाय?"

आपा म्हणाल्या, "उंदरं."

असं त्यांचं. शाळेत मुलींना शिकवून पोट भरायचं नाही, गल्लीत येऊन आम्हाला शिकवायच्या. त्यांच्याकडं एक जाडजूड इंग्रजी डिक्शनरी होती. शब्द कुठून निघाला, कुठं कुठं गेला, ते सगळं त्यात बारीक टायपात. सुट्टीच्या दिवशी दुपारी ती मांडीवर घेऊन ओट्यावर बसायच्या आणि मधेच मोठ्यानं हसायच्या. नव्या माणसानं बघितलं तर त्याला वाटायचं बाई येडी आहे. रोममधे नवे पोप निवडायचे होते तेव्हा टीव्हीवर बातमी लागली, तर आपा सगळ्या दारांवर फिरून आल्या. "बघा बघा! त्या बैठकीला कॉन्क्लेव्ह म्हणतात. म्हणजे चावी लावलेली खोली!" गल्लीतल्या बायकांना पोप कोण तेच ठाऊक नव्हतं. पण आपांनी सांगितलंय म्हणून सगळ्यांनी जाऊन बघितलं.

लातूरला पाण्याचं काय असतं ते सांगायला नको. गल्लीच्या तोंडाशी जमिनीत पाण्याची चावी आहे. महानगरपालिकेचा माणूस लांब पान्यानं ती सोडतो, तेव्हा नळाला पाणी येतं. एकदा तो खाली वाकून पाना फिरवतोय आणि आपा त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभ्या.

"मालूम है क्या रे, तू काय फिरवून राहिला ते?"

"चावी हाय की, आपा."

"कुठली?"

"ह्या गल्लीची."

"रोमची!"

तो म्हणाला, "रोमची असू द्या की रेणापूरची. बाजूला व्हा. मागच्या गल्लीत बायका भांडून राहिल्या." आपा हसत हसत बाजूला झाल्या. पण छत्री त्याच्या डोक्यावरच धरली होती, काम होईपर्यंत.

चुकायच्याही बरं का. आमची मोठी सून रेणुका देगलूरची. तिच्या माहेरी तेलुगू बोलतात. आपांना कुठून तरी कळलं की तेलुगूत चावीला ताळंचेवी म्हणतात. झालं. आपा तिच्यासमोर बसून सांगायला लागल्या, बघ, चेवी आणि चावी, पोर्तुगीज तुझ्या देगलूरपर्यंत पोचले. रेणुका भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "आपा, चेवी म्हंजे कान. कुलपाचा कान. पिळला की उघडतंय."

आपांनी चष्मा सारखा केला. मग उठल्या आणि गेल्या. दोन-तीन दिवस फिरकल्या नाहीत. कुलूप लागलं का ते सुद्धा विचारलं नाही, नुसतंच ओढून बघितलं आणि गेल्या. मला वाटलं, गेली आता मैत्री. आणि मग एका संध्याकाळी खोबऱ्याच्या वड्या घेऊन आल्या. आमच्यासाठी त्यांनी एक स्टीलचा डबा वेगळा ठेवलेला होता. त्यात कधी मटणाचं काही गेलं नाही. डबा रेणुकाच्या हातात दिला.

"पोरी, तू खरी. कान आहे कान. मी विचारून आले दोघा-चौघांना."

माझ्या सासूबाई कोपऱ्यात बसलेल्या. त्या घरात कानडी बोलायच्या. त्यांना मोठ्यानं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बीगद कै." म्हणजे कुलपाचा हात.

आपांनी कपाळावर हात मारला. "लो! कुणी कान म्हणतं, कुणी हात म्हणतं. ह्यांनी आपल्याच अंगातलं काढून दिलं. आणि मी येडी समुद्रापलीकडचं मागत फिरते." आणि डोळे भरून हसल्या. हरल्यावर असं हसणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही.

आता साजिदचं सांगायला पाहिजे.

समोरचं घर त्यांनी बांधलं तेव्हा कुलूप आमच्याच दुकानातून नेलं. चांगलं जड, पितळी. त्याच्या तीन चाव्या आल्या. एक आपांच्या कमरेला. एक माझ्याकडं. गल्लीत तशी रीतच आहे, एक चावी समोरच्या घरी असते. कधी गावाला गेलं, कधी गॅस चालू राहिला, कधी पाणी आलं आणि घरात कुणी नाही. आणि तिसरी साजिदच्या गळ्यात. मालक एसटीवर, आपा शाळेत, पोरगं दुपारी शाळेतून आलं की घरी कुणी नाही. म्हणून काळ्या दोऱ्यात चावी ओवून त्याच्या गळ्यात घातलेली. मी म्हणायचे, "आपा, माझ्याकडं येऊ द्या की त्याला, मी उघडून देते." तर नाही.

"घर त्याचं हाय. त्यानं स्वतःच्या चावीनं उघडायचं. दुसऱ्यानं उघडून दिलं तर तो पाहुणा झाला."

दुपारी मी दुकानातून जेवायला घरी यायचे तेव्हा बघायचे. दप्तर पाठीवर, टाचा वर करून कुलपाशी झटतोय. कुलूप उंच, पोरगं बुटकं. चावी गळ्यातून न काढता लावायचा, त्यामुळं तोंड दाराला चिकटायचं. उघडलं की मागं वळून माझ्याकडं बघायचा, काहीतरी मोठं काम केल्यासारखं.

पुढं मालक गेले. आपांनी एकटीनं पोराला वाढवलं. हॉटेलच्या कामाचं शिक्षण दिलं. त्याच्या ओळखीची पोरं पोर्तुगालला जाऊन राहिली होती. ह्यालाही तिथं एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. गल्लीत सगळ्यांना वाटलं आपा रडतील, अडवतील. आपांना तर काय आनंद! पोर्तुगाल! जणू त्यांचंच सासर. प्रत्येकाला थांबवून सांगितलं, "ज्या गावाहून चावी आली त्या गावाला माझा मुलगा चाललाय."

निघायच्या दिवशी गळ्यात घालण्यासारखा तो राहिला नव्हता. आपांनी ती तिसरी चावी त्याच्या पाकिटात ठेवली. "कितीही रात्री ये. मी झोपलेली असले तरी येता येईल तुला." तो म्हणाला, "अम्मी, तू झोपलेली असलीस तर आतून कडी नसंल का?" आपा म्हणाल्या, "नाही लावणार." आणि तेव्हापासून खरंच त्यांनी आतून कडी लावली नाही. दार नुसतं लोटून घ्यायच्या. मी किती वेळा ओरडले. एकटी बाई, दिवस काय आहेत.

तिथं पोचल्यावर त्याचा पहिला फोन आला तो मी कानानं ऐकला, आपांनी स्पीकर लावला होता. "अम्मी, खोलीच्या मालकिणीनं चावी दिली. शाव म्हणली ती. मी म्हणलं, ये तो अपनीच चावी!"

फोन ठेवल्यावर आपा ओट्यावर बसून राहिल्या. मग मला म्हणाल्या, "महानंदा, मजा बघ. त्यांचा जुना उच्चार च होता. पुढं त्यांचं बदललं, श झालं. आपल्याकडं जुना च तसाच राहिला. ज्याच्या घरचा शब्द तो विसरला. जपला कुणी? लातूरनं!" लई दिवस त्यांना ह्या गोष्टीचा अभिमान होता. जो येईल त्याला सांगायच्या. आपण ठेव सांभाळली म्हणायच्या.

मला तेव्हा हे ऐकून छान वाटायचं. आता तसं वाटत नाही.

वर्षं गेली. साजिद येतो म्हणायचा आणि यायचा नाही. आधी कागदपत्रं नव्हती, मग कागदपत्रं झाली तर रजा नाही, मग तिथंच लग्न केलं. सून कशी आहे म्हणून विचारलं तर आपा म्हणायच्या, "चांगली आहे. फोनवर हसते. मला हसणं समजतं तिचं." फोन आधी रोज यायचा, मग जुम्म्याच्या जुम्म्याला, मग ईदेला. आपा निवृत्त झाल्या. चष्मा अजून जाड झाला. डिक्शनरीतला बारीक टाईप दिसेना, मग मांडीवर घेऊन नुसत्याच बसायच्या, हात फिरवत.

कुलूप जुनं झालं होतं. फिरता फिरत नव्हतं. कोंबडीच्या पिसानं त्यात तेल सोडायच्या. आमचे हे म्हणाले, "आपा, आता सगळ्यांनी लॅच बसवलंय. मी घालून देतो. आतून बी लागतंय, भाईरून बी. जिवाला घोर न्हाई."

"नक्को अप्पा."

"का पन?"

"साजिदकडं ह्याची चावी हाय."

"त्याला नवी पाठवा की."

आपांनी ह्यांच्याकडं असं बघितलं की हे गप दुकानात जाऊन बसले. पुन्हा तो विषय काढला नाही. गल्लीतल्या सगळ्या दारांना लॅच लागलं, समोर एकटं ते पितळी कुलूप लोंबत राहिलं.

आणि एकदाचा साजिद येतो म्हणाला. खरंच. तिकिटाचा फोटो पाठवला. आपांनी आठवडाभर घर धुतलं, गाद्या उन्हात टाकल्या. त्या दिवशी सकाळी हैदराबादहून गाडीनं येणार होता. मी गडबडीत होते, तेवढ्यात आपा आमच्या दारात. नवी साडी नेसलेली, डोळ्यात सुरमा.

"सरक. मी आत बसते तुझ्याकडं."

"अहो, पोरगं येईल ना आता!"

"म्हणून तर." आणि हळूच म्हणाल्या, "कुलूप लावून आले. तो येईल, आपल्या चावीनं उघडेल, आत जाईल. मग मी जाईन. लहानपणी यायचा तसा. मला एकदा बघायचंय ते."

ह्या एवढ्या शिकलेल्या बाईनं काय खूळ काढलं हे! मी म्हणलं, "आपा, एवढ्या लांबून येणाऱ्याला बंद दार दाखवायचं?"

"बंद कुठलं? त्याच्याकडं चावी हाय."

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरचं दार सरळ दिसतं. तिथं स्टुलावर बसल्या. मी चहा केला, तो तसाच निवला.

गाडी आली. साजिद उतरला. अंगानं भरलेला, केस मागं सरकलेले. एक बॅग चाकांची, एक खांद्याला. दारापाशी गेला. कुलूप बघून थांबला. हाक मारली, "अम्मी?" मग खिशाला हात लावला. आपा स्टुलावरून अर्ध्या उठल्या. त्यानं फोन काढला. आपांचा फोन त्यांच्या पिशवीत वाजायला लागला. त्यांनी वरून हात दाबून धरला, वाजून वाजून तो बंद झाला. साजिदनं फोन खिशात घातला, इकडं तिकडं बघितलं. पाकीट काढलं नाही. एकदाही नाही. कुलपाला हात सुद्धा लावला नाही. वळला आणि आमच्या दारात आला.

"मावशी! ओ मावशी! ओळखलं का? अम्मी कुठं गेली? तुमच्याकडची चावी द्या ना."

मी दारात. आत आपा. मी विचारलं, मुद्दामच विचारलं, "तुझ्याजवळची कुठं हाय रे?"

"कुठली?" म्हणाला. मग आठवल्यासारखं हसला. "ती होय. राहिली असंल तिकडं कुठंतर. किती खोल्या बदलल्या मावशी."

मी चावी आणते म्हणून आत आले. खिळ्यावरून काढणार, तर आपांनी माझं मनगट धरलं. कमरेची स्वतःची चावी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "ही दे. हलकी फिरते. त्या खिळ्यावरचीला सवय न्हाई, त्याला जमायचं न्हाई." आणि कानाशी म्हणाल्या, "मी हितं हाय हे सांगू नको."

मी चावी दिली. त्यानं दार उघडलं. एका झटक्यात उघडलं, आता उंचीला कमी नव्हता. मागं वळून बघितलं नाही.

आपांनी तोंड धुतलं. सुरमा पसरला होता तो पदरानं पुसला. मग माझी भाजीची पिशवी उचलली, त्यात टोपलीतली चार वांगी आणि मेथीची जुडी घातली. मागच्या दारानं निघाल्या, गल्लीला वळसा घातला आणि पुढून आल्या, बाजारातून आल्यासारख्या. मी खिडकीतून ऐकलं.

"अगे माँ! कवा आलास रे? मला वाटलं दुपार होईल. भाजीला गेले होते."

तो दारात येऊन त्यांच्या गळ्यात पडला. दोघंही रडले. ते रडणं खरं होतं, त्यात काही खोट नव्हती. पण पिशवी आपांनी हातातून खाली ठेवली नाही.

तो महिनाभर राहिला. आईला घेऊन जायचंच म्हणून आला होता. चांगल्या मनानं आला होता, त्याला मी नावं ठेवणार नाही. डोळ्यांचा इलाज तिथं होईल, एकटी कशी राहतेस, नातीला बघ. आपा आधी नाही नाही म्हणाल्या, मग हो म्हणाल्या. का, ते त्यांनी मला सांगितलं. एका दुपारी ओट्यावर बसलो होतो. त्या म्हणाल्या, "महानंदा, मी आयुष्यभर ह्या गल्लीला गोष्टी सांगितल्या. सगळ्या गोष्टीत शब्द निघतो. समुद्र ओलांडतो, घाट चढतो. किती कौतुक केलं मी! एक तरी शब्द परत घरी आला, अशी गोष्ट सांगितली का मी कधी?"

मी म्हणलं, "नाही, आपा."

"मला येतच न्हाई अशी गोष्ट. पोरगं माझ्या मांडीवर बसून हेच ऐकत होतं." मग उठता उठता म्हणाल्या, "तो येत न्हाई, तर मीच जाते."

मी तेव्हा म्हणायला पाहिजे होतं, राहा, आपा. आम्ही आहोत. पण पोटचा पोरगा न्यायला आलाय आणि समोरच्या घरातल्या बाईनं कुठल्या तोंडानं राहा म्हणायचं?

तिथं त्या दोन हिवाळे होत्या. फोनवर सांगायच्या, सगळीकडं शाव शाव ऐकते, कुणी चावी म्हणत नाही. डोळ्यांचा इलाज झाला, दिसायला लागलं. आणि मग थंडीनं छाती भरली. मातीसुद्धा तिथलीच मिळाली त्यांना. साजिदनं फोटो पाठवला होता, एक स्वच्छ, मोकळी जागा, हिरवळ. मी एकदाच बघितला.

माझ्या डोळ्यासमोर मात्र त्या अजून इथंच आहेत, निघायच्या सकाळच्या. गाडी दारात उभी. साजिद सामान टाकतोय, "चल अम्मी, चल, फ्लाईट चुकंल" करतोय. आपांनी कुलूप लावलं. ओढून बघितलं. चावी कमरेला खोचली. माझ्याजवळ आल्या, माझ्या गालाला हात लावला आणि जाऊन गाडीत बसल्या. काच वर गेली. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. मला वाटलं उतरून येतील, पुन्हा ओढून बघतील. गाडीचं दार उघडलं नाही. मागच्या काचेतून त्यांचा जाड चष्मा दिसला. त्या आतून हात वर करून मनगट फिरवत होत्या, एकदा इकडं, एकदा तिकडं, आणि भुवया वर करून माझ्याकडं बघत होत्या.

मी त्यांच्या दाराशी गेले. त्यांना दिसेल असं बाजूला सरकून उभी राहिले आणि दोन्ही हातांनी कुलूप धरून जोरात ओढून दाखवलं. मग मान हलवली.

आपांनीही मान हलवली, आणि गाडी वळली.